नाशकात ट्युब्युलर वापरतं का कोणी? टिकाऊ आणि खिशाला परवडेल असा टायर सुचवा

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

पुण्यातल्या एका ओळखीच्या काकांकडून जुनी स्टीलची रेसिंग सायकल घेतली. ऐंशीच्या दशकातली फ्रेम, शिमानो ६०० चे हब आणि गिअर, रिम मॅविक जीपी ४, ३२ आऱ्यांच्या. काकांनी घेतानाच सांगितलं होतं की ही चाकं ट्युब्युलरची (म्हणजे ट्यूब आत शिवलेला, रिमवर गोंदाने चिकटवायचा टायर) आहेत, साधा टायर बसणार नाही, आणि मला तेच हवं होतं म्हणून घेतली. रंग उडालाय पण रिम एकदम सरळ आहेत, फिरवून बघितल्या.

आता प्रॉब्लेम टायरचा. त्यावर जे आहेत त्यांच्या साइडवॉलचे धागे दिसायला लागलेत, आणि हवा कमी करून अंगठ्याने बाजूला ढकललं तर एका ठिकाणी टायर रिमवरून सरळ उचलला जातो, खाली गोंद पिवळा पडून पापुद्रे सुटलेत. म्हणजे चालवायचा प्रश्नच नाही. माझं वजन ७२, रोजची राइड सोमेश्वर-गंगापूर धरण-गिरणारे, कधी त्र्यंबक, रविवारी वेळ असला तर घोटी इगतपुरी. रेस वगैरे काही करायची नाहीये. जोडी प्लस चिकटवायचं सामान दहा हजारांच्या आत बसवायचंय, जमलं तर कमीत. आणि वर्षभर तरी टिकावा, दर महिन्याला नवीन घ्यायला लागला तर घरच्यांसमोर सायकल लपवायला लागेल.

शहरातल्या दुकानांत विचारलं तर दोघांनी "काय लर?" असं विचारलं आणि तिसऱ्याने ट्युबलेस दाखवले. तर कुठला घेऊ, २३ मिमी रुंदीचा का २५, गोंद का टेप, आणि नाशकात हे बसवून देणारं कोणी आहे का?

सातपूर_सिंगलस्पीड

भावा स्पष्ट सांगतो, राग मानू नको. टायर शोधायच्या भानगडीत पडूच नको, रिम बदल. तुझे हब चांगले आहेत, ३२ होलच्या साध्या क्लिंचर रिम (वेगळी ट्यूब टाकायचा नेहमीचा टायर बसतो त्या) घे, आऱ्या टाकून चाक बांधून घे, विषय संपला. मग कुठलाही टायर बसव, पंक्चर झालं तर दोनशे-तीनशेची ट्यूब टाकायची नाहीतर पॅच मारायचा आणि पुढे निघायचं. ट्युब्युलरला पंक्चर म्हणजे अख्खा टायर उतरवा, कारण ट्यूब आत शिवलेली असते.

आणि आपल्याकडचे रस्ते बघ ना. सातपूर-अंबड लिंक रोडवर लेथची बर (धातूचा कीस) पडलेली असते, स्प्रिंगसारखी वळलेली, ट्रॉलीतून सांडते आणि कडेला जमा होते, ती रबरात घुसली की बाहेर काढायला पक्कड लागते. हायवेला ट्रकचे टायर फुटून त्यातल्या बारीक तारा शोल्डरवर पसरलेल्या असतात, त्या डोळ्याला दिसत पण नाहीत. गिरणाऱ्याकडे बाभळीचे काटे. त्यात सिंहस्थाची कामं, जिकडे बघावं तिकडे खडी. अशा ठिकाणी महागाचा टायर चिकटवून फिरायचं म्हणजे हौसेला मोल नाही असंच म्हणावं लागेल.

प्रो लोक पण गेल्या काही वर्षांत ट्युब्युलर सोडून ट्युबलेसवर गेलेत. ट्रॅकवर अजून आहेत, पण तिथे काटे नसतात.

पेठरोड_जुना

सातपूरकर, तुमचं गणित बरोबर आहे पण त्यांनी विचारलं एक आणि तुम्ही उत्तर दिलंत दुसरंच. ज्याच्याकडे जीपी ४ सरळ आणि गोल उभ्या आहेत त्याला त्या काढून टाक म्हणून सांगायला जीव होत नाही हो. बॉक्स सेक्शनची रिम आहे ती, खड्ड्यात गेली तरी झेलते. शिवाय ट्युब्युलरला पिंच फ्लॅट (खड्ड्यात आपटून ट्यूब रिमखाली चिमटून होणारं पंक्चर) जवळजवळ होत नाही, कारण ट्यूबला कापणारी रिमची धारच तिथे नसते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर निम्मी पंक्चरं खड्ड्याचीच असतात. आणि उतारावर अचानक हवा गेली तरी टायर रिमला चिकटलेला राहतो, सायकल थांबवता येते. हे दोन फायदे रस्ता खराब असताना जास्त कामाला येतात, उलट नाही.

गंगापूररोडकर, आता टायरचं. मी चाळीसेक वर्षं हे चिकटवतोय त्यामुळे थोडं लांबेल.

टिकाऊपणात पहिलं नाव कॉन्टिनेंटल कॉम्पिटिशन, जर्मनीत कोर्बाखला हाताने बनतो, आत व्हेक्ट्रान नावाच्या मजबूत धाग्याचा पट्टा असतो तो काटा-काच बऱ्यापैकी अडवतो, ट्यूब ब्युटाइल रबराची. पण तुमच्या बजेटमध्ये जोडी आणि गोंद बसवायला ओढाताण होईल. त्याच कंपनीचा स्प्रिंटर एक पायरी खाली, थोडा जड, पण रोजच्याला तोच शहाणपणाचा. त्यात गेटरस्किनवाला मिळाला तर साइडवॉलही मजबूत असते, चालायला जरा लाकडी लागतो एवढंच. दोन्हीत २५ मिळतो, तुम्ही २५ च घ्या, पण आधी मागच्या ब्रेकखाली आणि फोर्कमध्ये जागा मोजून घ्या. त्या काळच्या रेसिंग फ्रेम काही काही फार चिंचोळ्या असतात.

व्हिटोरिया रॅली सगळ्यात स्वस्तातला माहितीचा टायर. सरावाला आणि स्पेअरला ठीक. पण स्वस्त ट्युब्युलर कुठल्याही कंपनीचा घ्या, बसवायच्या आधी हवा भरून फिरवून बघायचा. कधी ट्रेड (रस्त्याला टेकणारा रबराचा पट्टा) सरळ चिकटवलेला नसतो, कधी व्हॉल्व्हपाशी उंचवटा असतो, मग चाक सरळ असूनही सीटखाली ठक ठक लागत राहतं. चिकटवल्यावर तो कोणी परत घेत नाही.

व्हिटोरिया कोर्सा, व्हेलोफ्लेक्स वगैरेच्या मोहात पडू नका. कॉटनचं केसिंग (टायरचं कापडी अंग), आत लेटेक्सची ट्यूब, चालवायला स्वर्ग, पण रात्री भरलेली हवा सकाळी बरीच उतरलेली आणि आपल्या पावसात कॉटनची वाट लागते.

दिंडोरी_बीआरएम

मी ट्युफो एस ३३ प्रो वापरते, त्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. झेक कंपनी आहे. हा बाकीच्यांसारखा शिवलेला नसतो, वेगळी ट्यूबच नाही, आतून हवाबंद थर टायरलाच जोडलेला असतो. त्यामुळे उसवून पॅच मारता येत नाही हा तोटा, पण सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) यात मस्त काम करतं हा फायदा. व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा भाग) निघतो, तो काढायचा, २५-३० मिली सीलंट टाकायचं, कोअर परत लावायचा, चाक फिरवायचं, झालं. पैशाच्या बाबतीत पेठरोडच्या काकांनी सांगितलेल्या कॉम्पिटिशनपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि २४ मिमीमध्ये येतो जो जुन्या फ्रेमला चालून जाईल.

आमच्याकडे द्राक्षबागांच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या टाकतात, त्या वाळून रस्त्यावर येतात. बाभळीच्या काट्याचं भोक बारीक गोल असतं, ते सीलंटने भरतं. काचेची चीर असेल तर नाही भरत, तिथे हात टेकायचे. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. १०० पीएसआयला सीलंट नुसतं पिचकारीसारखं उडतं आणि आपण घाबरून उतरतो. उतरायचं, भोक खाली येईल असं चाक धरायचं, हवा थोडी जाऊ द्यायची. प्रेशर साठ-सत्तरच्या आसपास आलं की भोक बसतं. मग हळूहळू ऐंशीपर्यंत भरून घरी यायचं. लगेच परत शंभर मारलं तर पुन्हा उडणार.

पण २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड) असेल तर मी पण क्लिंचरचीच चाकं लावते. साडेतेरा तासांत संपवायचं असतं, रात्री कुठेतरी एकटी असताना दुसरं पंक्चर झालं आणि स्पेअर टायर संपलेला असला तर? ट्यूब दोन नेता येतात, ट्युब्युलर दोन नेणं म्हणजे सीटखाली गाठोडंच. म्हणजे सातपूरकरांचं म्हणणं अगदीच चूक नाहीये. रोजच्या पन्नास-साठ किमीला मात्र ट्युब्युलर बिनधास्त.

गंगापूररोडकर

एवढं डिटेल कोणी लिहील वाटलं नव्हतं, धन्यवाद काका आणि ताई. सातपूरकर भाऊ, रिम बदलायचं डोक्यात होतं पण मग ही सायकल घेऊन उपयोग काय असं वाटतं, एकदा तरी ओरिजिनल चाकांवर चालवायचीय.

मोजलं, मागे २५ बसेल पण ब्रेकखाली अगदी कागदाएवढी जागा राहील. मग ट्युफोचा २४ बरा का? आणि चिकटवायचं कसं? टेप सोपी म्हणतात. की पंक्चरवाल्याकडचं सुलेशन चालेल? आणि काका, शिवायचं खरंच जमतं का घरी?

पेठरोड_जुना

कागदाएवढी जागा असेल तर २५ नको. पावसात खडी-चिखल अडकला की ब्रेकखाली घासत बसेल. २४ घ्या नाहीतर स्प्रिंटरचा २२. ताईंनी सांगितलेला ट्युफो तुमच्या बजेटला चांगला आहे, मी शिवणाऱ्यांतला म्हणून माझ्या तोंडी नाव येत नाही एवढंच.

सुलेशन अजिबात नको. ते ट्यूबवर पॅच बसवायला असतं, टायर धरून ठेवायला नाही. घरातले कॉन्टॅक्ट गोंद पण नकोत, ते सुकले की कडक होतात आणि टायर काढताना बेस टेप (टायरच्या खालच्या बाजूची, शिवण झाकणारी कापडी पट्टी) सोलून निघते. अॅल्युमिनियम रिमचा ट्युब्युलर सिमेंट मागवा, कॉन्टिनेंटलचा किंवा व्हिटोरियाचा मास्टिक वन. कार्बनसाठीचा वेगळा येतो, डबा बघून घ्या.

पद्धत अशी. जुना टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सोडवायला सुरुवात करायची. रिमवरचे सुटलेले पापुद्रे काढायचे, घट्ट बसलेला एकसारखा थर असेल तर राहू द्या, पण तुमचा पिवळा पडून फुटलाय म्हणताय तर सगळा काढा, सॉल्व्हंट आणि फडकं घेऊन अर्धा दिवस जाईल, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. नवीन टायर आधी गोंद न लावता त्याच रिमवर चढवून पूर्ण हवा भरून एक-दोन दिवस ठेवायचा, म्हणजे ताणला जातो. हे केलं नाही तर गोंदाने माखलेल्या हातांनी शेवटचा वीतभर टायर चढवताना देव आठवतो. कॉन्टिनेंटलचे तर फारच घट्ट असतात.

मग रिमवर पातळ थर, सुकू द्या, दुसरा, सुकू द्या. टायरच्या बेस टेपवरही एक-दोन. जाड एकच थर मारायचा आळस करू नका, तो आत ओला राहतो. शेवटचा पातळ थर रिमवर मारायचा आणि तो चिकट असतानाच टायर चढवायचा. रिम जमिनीवर उभी, व्हॉल्व्हचं भोक वर, व्हॉल्व्ह घालून दोन्ही हातांनी टायर खाली ओढत ओढत दोन्ही बाजूंनी न्यायचा, शेवटचा भाग अंगठ्यांनी उचलून वर टाकायचा. थोडी हवा भरून चाक फिरवून बघा, ट्रेड डावी-उजवीकडे डुलत असेल तर तेव्हाच सरळ करा. मग पूर्ण हवा, आणि पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. चालवायच्या आधी हवा सोडून अंगठ्याने जोरात ढकला, कुठेही रिम दिसता कामा नये. आत्ता तुमचा टायर जो उचलला जातोय तसा उचलला गेला तर पुन्हा करा.

हे मी इतकं घोळवतोय कारण ट्युब्युलर धोक्याचा होतो तो गोंदामुळे. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये गॅप गावाच्या आधीच्या उतारावर जोसेबा बेलोकी पडला ते आठवतं का कोणाला, उन्हाने डांबर वितळलेलं, मागचं चाक लॉक झालं, टायर रिमवरून निघाला, मांडीचं हाड मोडलं. मागून येणारा आर्मस्ट्राँग त्याला चुकवायला शेतात घुसला होता. तो तर टूरमध्ये दुसऱ्या नंबरवर असलेला रायडर, मेकॅनिक सगळे दिमतीला. आपण मे महिन्यात दुपारी कसारा किंवा सावळघाट उतरतो, ब्रेक धरून धरून रिम तापते, गोंद मऊ पडतो. सतत ब्रेक चोळत उतरू नका, दाबा-सोडा-दाबा. आणि चाकं उन्हात उभ्या कारमध्ये फुल हवा भरून ठेवू नका.

शिवायचं उद्या लिहितो, बायको जेवायला बोलावतेय.

सातपूर_सिंगलस्पीड

काका एवढं वाचूनच माझी रिम बदलायची इच्छा बळावली 😂 पण मस्त लिहिलंय, सेव्ह करून ठेवलं.

दिंडोरी_बीआरएम

टेपबद्दल. मी टेपच वापरते, ट्युफोची स्वतःची येते, शिवाय कारोन्या नावाची एक आहे ती महाग. गोंदासारखे थर वगैरे नाहीत, अर्ध्या तासात काम होतं आणि हाताला काही लागत नाही. पण दोन तोटे सांगते. एक म्हणजे टायर काढताना टेप कधी रिमवर राहते कधी टायरवर, आणि रिमवर राहिली तर सोलताना नखं जातात. दुसरं, रस्त्यात स्पेअर टाकला तर त्याला धरायला फार काही उरत नाही. गोंद असेल तर रिमवरचा जुना आणि स्पेअरवरचा जुना मिळून घरापर्यंत नेतात. म्हणून स्पेअर नेहमी आधी वापरलेला किंवा आधीच गोंद लावून सुकवलेला न्यायचा, कोरा करकरीत नाही. घडी घालताना गोंदाची बाजू आत, जुन्या मोज्यात कोंबायचा. आणि स्पेअर टाकल्यावर वळणावर हिरोगिरी नको.

प्रेशरचं कोणी बोललं नाही. जुने लोक १२० मारतात. तुमच्या ७२ किलोला २४ वर मागे ९५, पुढे ९० पुरे. गिरणारे रस्त्याला तर पाच कमीच करा. जास्त हवेने टायर खड्यावरून उड्या मारतो आणि कटही जास्त होतात.

ओझर_पिंपळगाव

मध्येच विचारतो, हे ट्युब्युलर-क्लिंचर काय प्रकार असतो? एकाने विकायला काढलेत, गोंद लागत नाही म्हणतो. गंगापूररोडकरांना चालतील का ते?

पेठरोड_जुना

ओझर, ते ट्युफोचेच असतात, ट्युब्युलरच पण खाली क्लिंचर रिमच्या हुकमध्ये अडकणारी कड. साध्या क्लिंचर रिमवर बसतात, यांच्या रिमला हुकच नाही, त्यामुळे यांना उपयोग शून्य. तुम्हाला हौस म्हणून हरकत नाही.

आता शिवण. हे शिवलेल्या टायरला, ट्युफोला नाही. पाण्यात धरून भोक शोधा, पण बुडबुडे कधी कधी व्हॉल्व्हपाशी किंवा शिवणीतून निघतात आणि भोक भलतीकडेच असतं, म्हणून आधी बाहेरून काटा-काच शोधा. त्या जागी बेस टेप चार बोटं इकडे चार बोटं तिकडे सोलायची, बोथट चमच्याच्या दांड्याने. उसवायच्या आधी शिवणीवर पेनाने आडव्या रेघा मारून ठेवायच्या, नाहीतर परत शिवताना दोन्ही कडा एकमेकींशी जुळत नाहीत आणि टायर तिथे वाकडा होतो. मधले टाके कापा, ट्यूब बोटाने बाहेर घ्या, पातळातला पातळ पॅच. आत टाकताना ट्यूबवर प्लॅस्टिकची पट्टी ठेवा म्हणजे सुई लागणार नाही, शिवून झालं की पट्टी शेवटच्या टाक्याआधी ओढून घ्या. सुई चामड्याची, दोरा चप्पल शिवणाऱ्याकडचा मेण लावलेला, जुन्याच भोकांतून. कोणीतरी मागे नायलॉन मांजा वापर म्हणून सल्ला दिला होता, तो निसरडा असतो, गाठ बसत नाही, आणि मुळात बंदी असलेली ती वस्तू घरात कशाला. टेप परत लेटेक्सच्या गोंदाने चिकटवायची.

पहिल्यांदा दोन-अडीच तास जातील. रॅलीसारख्यावर हा वेळ घालवायचा का ते तुमचं तुम्ही ठरवा, कॉम्पिटिशन असेल तर मी घालवतो.

आणि पंक्चर होऊच नये म्हणून फुकटातला उपाय, काचा किंवा बर दिसली की चालत्या चाकावर ग्लोव्हचा तळवा हलकेच टेकवायचा. रुतायच्या आधीच बाहेर पडतं. मागच्या चाकाला करताना बोटं सीटच्या नळीकडे ओढली जाणार नाहीत इकडे लक्ष, आधी पुढच्यावर सराव करा.

गंगापूररोडकर

ठरलं मग. ट्युफो एस ३३ प्रो २४ ची जोडी, गोंद मास्टिक वन, टेप नको कारण स्पेअरचा मुद्दा पटला. स्पेअरला रॅली २३, त्याला आधीच गोंद लावून ठेवीन. सीलंट आत्ताच टाकू की पंक्चर झाल्यावर?

दिंडोरी_बीआरएम

तुमच्या रस्त्याला आत्ताच टाका. फक्त दोन-तीन महिन्यांनी सुकतं, आणि हवा भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, खाली असेल तर सीलंट कोअरमध्ये जाऊन गच्च बसतं. एक-दोन जादा कोअर आणून ठेवा.

सातपूर_सिंगलस्पीड

महाजन बंधूंनी २०१५ ला रॅम (रेस अॅक्रॉस अमेरिका) मारल्यापासून नाशकात सायकलवाले चिक्कार झाले पण गोंद लावत बसणारे अजून दोघं-तिघंच असतील, आता चौथा आला. भावा, बसवायच्या दिवशी कळव, बघायला येतो. मदत नाही करणार, नुसता बघायला.

पेठरोड_जुना

नाशकात बसवून देणारं दुकान मला माहीत नाही, तुम्ही टायर आले की माझ्याकडे या, मेसेजमध्ये पत्ता देतो. जुना गोंद मात्र घरूनच काढून आणा, माझ्या अंगणात तो वास नको. आणि बाहेरून मागवताय तर मला पण एक डबा मास्टिक सांगा, एकाच पार्सलमध्ये आलं तर शिपिंग वाचेल.

दिंडोरी_बीआरएम

मला पण एक एस ३३, २४ चाच. काळा असला तरी चालेल. ऑर्डर कधी टाकताय?

गंगापूररोडकर

शनिवारी रात्री टाकतो. अजून कोणाला हवं असेल तर त्याआधी इथेच लिहा, कस्टम लागलं तर सगळ्यांत वाटून घेऊ.